आत्याचा टीव्ही आणि जिन्याचा दिवा : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज. सातारा

बाबांना घेऊन सकाळीच आत्याकडे आलो. ओवाळून होईपर्यंत सगळं ठीक होतं. मग तिने नवा टीव्ही लावला आणि बाबा पाटावरून उठून थेट बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आवाज ४५ वर. शेजारच्या काकूंना म्हणे हल्ली बातम्यांसाठी स्वतःचा टीव्ही लावावा लागत नाही.

आत्या ७९ वर्षांची. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. दोन्ही कानांना कानामागची मशीनं आहेत, नारिंगी पट्टीच्या सेलवर चालणारी, म्हणजे १३ नंबरची. समोर बसून बोललं तर तिला सगळं कळतं. टीव्ही नऊ फुटांवर, डोक्यावर पंखा, भिंती टणटणीत; त्यामुळे शब्दांचा लगदा होतो. आवाज वाढवला की लगदाच मोठा होतो, शब्द सुटे होत नाहीत.

जुना टीव्ही गणपतीत गेला. त्याला कडेला हेडफोनची जागा होती. आत्या मशीनं काढून वाटीत ठेवायची, लांब वायरचा हेडफोन डोक्यावर चढवायची आणि खुशाल बसायची. नवा काल पाडव्याला आला. पाठीमागे तीन एचडीएमआय, दोन यूएसबी, अँटेना, नेटची केबल आणि कोपऱ्यात एक चौकोनी भोक, त्यावर ‘ऑप्टिकल’ असं लिहिलेलं. हेडफोनची जागाच नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “आता सगळं ब्लूटूथ, सर.”

दिवाळीला आतेभाऊ लेस्टरहून आलाय. त्याने बॅगेतून एक ठोकळा काढला. तिकडे कोणाच्या तरी घरातून जुना म्हणून मिळालेला, घरगुती ‘लूप ॲम्प्लिफायर’. त्याच्याकडे पोस्टाच्या खिडकीवर, बँकेत, लंडनच्या काळ्या टॅक्सीतसुद्धा कानाचं चित्र आणि शेजारी टी अक्षर असलेली निळी पाटी असते म्हणे. ती दिसली की कानाच्या मशीनचं बटण टी वर करायचं, खिडकीपलीकडच्या माणसाचा आवाज सरळ मशीनमध्ये येतो. मला हे नाव ऐकून माहीत होतं, हातात कधी घेतलं नव्हतं.

तत्त्व शाळेतलंच आहे. खोलीभोवती तारेचा वेढा, हाच लूप. त्यात टीव्हीचा आवाज प्रवाह म्हणून सोडायचा. वेढ्याच्या आत तसंच्या तसं डुलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मशीनच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढ्या गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेलं कॉइल असतं, त्यात त्या क्षेत्राने पुन्हा वीज उमटते. मशीनचा माइक बंद, त्यामुळे पंखा नाही, भिंती नाहीत, बाबांचं पुटपुटणंही नाही. लंडनच्या जोसेफ पोलियाकॉफने याचं पेटंट १९३७ साली घेतलं. म्हणजे ही युक्ती आत्यापेक्षा मोठी आहे.

ठोकळ्यासोबत स्कार्टची जाडजूड केबल आलीय. युरोपातल्या जुन्या टीव्हींना ती लागायची. आपल्याकडे ती कधी रुळली नाही आणि आता तिकडच्याही टीव्हीतून गेली. केबल माळ्यावर टाकली. दुसरं एक चिकटवायचं माइक आहे. ते ठेवलं.

आत्याच्या मशीनचं बटण दाबून पाहिलं. एक टुक, दोन टुक, परत एक. तिसरा प्रोग्रॅमच नाही. म्हणजे टी असला तरी चालू केलेला नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

जिथून मशीनं घेतली तिथे आत्याला घेऊन गेलो. मॉडेल नंबरवरून मी घरूनच खात्री केली होती की आत टेलिकॉइल आहे (टी म्हणजे तेच). तिथल्या माणसाने आधी “टी कोणी वापरत नाही हो” हे सांगितलं, मग नव्या ब्लूटूथ मशीनचं माहितीपत्रक पुढे केलं. आत्याने चष्मा लावला, किंमत वाचली, पत्रक घडी करून परत दिलं. “आत आहे ते चालू करून द्या. तीन वर्षांपूर्वी पैसे दिलेत त्याचे.”

मशीनं वायरने कॉम्प्युटरला जोडली, पाच मिनिटांत काम झालं. आता तिसरा प्रोग्रॅम टी, चौथा एमटी. टी मध्ये फक्त कॉइल, एमटी मध्ये कॉइल आणि माइक दोन्ही. तीन वर्षं हे कॉइल तिच्या कानामागे झोपून होतं. हे लिहिताना मला राग येतोय, पण नोंदवहीत रागाचा रकाना नाही.

घरी आल्यावर कच्ची चाचणी. आठ मीटर तार सतरंजीखाली नुसती गोल टाकली, ॲम्प्लिफायरला जोडली, माइक टीव्हीच्या मागे खालच्या कडेला चिकटवलं. हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, पुढे चिकटवून उपयोग नाही. आत्याने तीन टुक होईपर्यंत बटण दाबलं आणि एकदम आमच्याकडे वळून पाहिलं.

“तुम्ही सगळे गप्प का झालात?”

आम्ही बोलतच होतो. माइक बंद झालं होतं, इतकंच. मग टीव्हीकडे वळली आणि तिचा चेहरा पाहून मी काम पक्कं करायचं ठरवलं. पण दोन मिनिटांत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आत्याने दोन्ही कान धरले. चिकटवलेल्या माइकला टीव्ही आणि कुकर सारखेच. ठोकळ्यातली आवाज आपोआप सांभाळणारी सोय शिट्टीने दबली आणि पुढची काही सेकंदं निवेदिकाही गायब. माइक हा तात्पुरता उपाय. आवाज टीव्हीतून तारेनेच काढायला हवा.

१० नोव्हेंबर, रविवार

हिशेब. खोली ३.६ बाय ४.२ मीटर, मशीन बसलेल्या माणसाच्या कानाशी, जमिनीपासून साधारण १.१ मीटर. लूपसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०११८-४. त्यात आवाज चढला असताना क्षेत्र मीटरमागे ४०० मिलिॲम्पियरपर्यंत पोचावं, आणि १०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत पातळी ३ डेसिबलपेक्षा जास्त वरखाली होऊ नये असं म्हटलंय.

या मापाच्या वेढ्यात एक अँपियर सोडला तर बरोबर मध्यभागी, तारेच्याच पातळीत, मीटरमागे ०.२३ अँपियर मिळतो. कानाच्या उंचीला तो ०.१६ च्या आसपास उतरतो. म्हणजे एका वेढ्याला जवळजवळ अडीच अँपियर लागतील, दोन वेढ्यांना सव्वा. ठोकळ्याच्या पाठीवर लूपचा रोध ०.५ ते २ ओहम असावा असं लिहिलंय. ०.७५ चौरस मिलिमीटरची तार घेऊन दोन वेढे म्हणजे ३१ मीटर, ०.७ ओहमच्या थोडं वर. जमलं.

आत्याने हा कागद मागून घेतला, लाल पेनाने एका ठिकाणी एकक राहिलं होतं ते लिहिलं आणि परत दिला.

साधा स्टिरीओ ॲम्प्लिफायर का चालत नाही, हे आतेभावाने विचारलं. त्याला चार किंवा आठ ओहमच्या स्पीकरची सवय. पाऊण ओहमचा वेढा त्याला जवळजवळ शॉर्टच वाटणार. शिवाय वेढ्याला स्वतःचं इंडक्टन्स असतं, त्यामुळे वरच्या पट्टीत विरोध वाढतो, प्रवाह घटतो, आणि ‘स’, ‘श’, ‘त’ अशी व्यंजनं नेमकी तिथेच राहतात. लूपचा ॲम्प्लिफायर दाब (व्होल्टेज) नव्हे, प्रवाह सांभाळतो. ऐकू न येणाऱ्या माणसाचा अर्धा झगडा व्यंजनांशीच असतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

राजवाड्याजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तार घेतली. “मीटरवर की बंडल?” बंडल ९० मीटरचं. बंडलच घेतलं, उरलेल्या तारेचं पुढे काहीतरी होतंच.

तार जमिनीलगतच्या पट्टीवरून भिंतीच्या कडेने, दर फुटाला क्लिप. दाराशी उंबऱ्यावरून न्यायचा मोह झाला होता. आत्या काठी टेकत जाते. तार चौकटीवरून वर चढवून पलीकडे उतरवली. त्याने क्षेत्र दाराशी थोडं वाकडं होतं, पण तिथे कोणी बसत नाही. ॲम्प्लिफायरपासून भिंतीपर्यंतच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या. नाहीतर तो तुकडाही आपला एक छोटा लूप होऊन बसतो.

लोखंडी कपाट एका भिंतीला आहे. ते हलवता येत नाही (“तुझ्या आतोबांनी ठेवलंय, तिथेच राहील”). वाडा जुना, तक्तपोशी लाकडाची, स्लॅबमध्ये सळ्या नाहीत, हे भाग्य. आरसीसीच्या फ्लॅटमध्ये सळ्यांची जाळी क्षेत्र खाते, विशेषतः वरच्या पट्टीतलं.

मोजायला मानकाप्रमाणे मीटर घ्यायचा तर तो महाग. कॅलिब्रेशन हा माझा पोटापाण्याचा धंदा, तेव्हा हात हलवले. लूपमध्ये ०.१ ओहमचा एक वायरवाउंड रोध ओवला, फोनवरून १ किलोहर्ट्झची शिट्टी सोडली आणि रोधावरचा दाब मोजला. १२३ मिलिव्होल्ट म्हणजे १.२३ अँपियर, म्हणजे कानापाशी ४०० मिलिॲम्पियर. ॲम्प्लिफायरचं बटण त्या जागी फिरवलं आणि मार्करने ठिपका काढला. क्षेत्र ऐकायला जुन्या रिलेचं (विजेवर चालणाऱ्या स्विचचं) कॉइल हेडफोन ॲम्प्लिफायरला जोडलं. ते हातात धरून खोलीभर फिरलो. कॉइल उभं धरलं की आवाज भरपूर, आडवं केलं की शून्य. तारेच्या बरोबर वर आलं तरी शून्य. स्वयंपाकघरात भिंतीपलीकडे पुसट ऐकू येतंय. आत्या म्हणाली तिला ते चालेल, पोळ्या लाटताना मालिका निसटणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

टीव्हीतून आवाज काढण्यात आख्खा दिवस गेला. लूप टाकायला एवढा वेळ लागला नव्हता.

ऑप्टिकल केबल ही काचेची नव्हे, प्लास्टिकच्या धाग्याची. तोशिबाने १९८३ मध्ये काढली, म्हणून अजून टॉसलिंक म्हणतात. त्यातून लाल उजेडाच्या लुकलुकीतून आकडे जातात, म्हणून पलीकडे आकड्यांचा आवाज करणारी डबी लागते, डीएसी. ती पुण्यातून आणली होती. जोडलं, काही नाही. टीव्ही बंद-चालू. काही नाही. दहा मिनिटांनी केबलचं टोक डोळ्यांसमोर धरलं तेव्हा दिसलं की दोन्ही टोकांवर पारदर्शक टोपी तशीच होती. टीव्हीकडचं टोक तिच्यासकट आत जात नव्हतं आणि मी दाबत होतो. टोप्या काढल्या, डबीवरचा दिवा हिरवा झाला.

तरी आवाज नाही. टीव्हीच्या मेनूत आवाज कुठे सोडायचा ते निवडावं लागतं, आणि नुसतं ‘ऑप्टिकल’ निवडलं की टीव्हीचा स्पीकर मुका. या टीव्हीत नशिबाने ‘टीव्ही स्पीकर आणि ऑप्टिकल’ असा पर्याय खाली लपलेला निघाला. सगळ्या टीव्हीत तो नसतो, घेण्याआधी दुकानातच मेनू उघडून पाहावा, हे मी पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतोय. काही टीव्हीत हेडफोनची जागा असते, पण वायर खुपसली की स्पीकर बंद. मग आत्या ऐकणार आणि बाकीचे तोंडं बघत बसणार.

आवाज आला. रिमोटने वाढवला-कमी केला तरी लूपमध्ये फरक नाही. ऑप्टिकलवरून पातळी कायम राहते. आतेभावाला हा दोष वाटला. मला हीच सगळ्यात मोठी सोय वाटते. टीव्हीचा स्पीकर बाबांसाठी १२ वर, आत्याचा आवाज तिच्या मशीनवर. दोघांचं भांडण संपलं.

दुपारी तिने मराठी वाहिनी बदलून एचडी वाहिनी लावली आणि आवाज गेला. जुनी लावली, आला. पुन्हा एचडी, गेला. डबीत दोष नव्हता. त्या वाहिनीवर आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये येतो, टीव्ही तो तसाच बांधलेला गठ्ठा पुढे ढकलतो, आणि स्वस्त डबीला गठ्ठा सोडता येत नाही, तिला पीसीएम म्हणजे सुटे आकडेच लागतात. टीव्हीच्या मेनूत डिजिटल आवाजापुढचं ‘ऑटो’ काढून ‘पीसीएम’ केलं. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतही तेच. मग सगळ्या वाहिन्या बोलू लागल्या. एचडीएमआयच्या एआरसी वाटेनेही आवाज काढता आला असता (ती सोय एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत, २००९ मध्ये आली), पण तिथे डबी आणि टीव्ही यांच्यात आधी ओळख पटवून घेण्याचं नाटक चालतं आणि बरेच टीव्ही एआरसी लागताच स्पीकर बंद करतात. ऑप्टिकलला असली मानापमानाची भानगड नाही. तारच विजेची नाही, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येणारी घरघरही इकडे ओलांडत नाही.

संध्याकाळी जुनं नाट्यपद लागलं. आत्या म्हणाली, “ऑर्गन झकास, गाणारा कुठे गेला?” मी डबीचं फक्त डावं टोक जोडलं होतं. ॲम्प्लिफायरला आत जायला एकच वाट आहे. डावं-उजवं वाय-केबलने सरळ एकमेकांना जोडणं चूक, दोन आउटपुट एकमेकांशी कुस्ती करतात. दोन्हींत एकेक किलोओहमचा रोध घालून मग एकत्र केलं. गाणारा परत आला.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदानाची सुट्टी

पुण्यात सकाळी सातला मतदान करून इकडे आलो. आत्याचं मतदान मी पोचायच्या आधीच झालं होतं. अनेक निवडणुकांत तिने केंद्रावर ड्यूटी केलीय, तिला उशीर खपत नाही. २३ ला मतमोजणी. त्याआधी सगळं बिनचूक पाहिजे, हा तिचा हुकूम.

तक्रार एकच: “संध्याकाळी कानात भुंगा येतो.”

सकाळी नसतो, दुपारी नसतो. रिलेचं कॉइल घेऊन बसलो. फोनवरच्या ॲपमध्ये आवाजाच्या पट्ट्या दिसतात. पंख्याचा रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक होता, दोनवर ठेवला की कर्र. तो काढून कपॅसिटरवाला पायऱ्यांचा बसवला, ती कर्र गेली. पण भुंगा तो नव्हे. सहा वाजले, काही नाही. पावणेसातला आत्या उठली, देवापुढे निरांजन लावलं, जिन्याचं बटण दाबलं, आणि फोनवर कुंपणासारख्या रेघा उभ्या राहिल्या: ५०, १५०, २५०, ३५० आणि पुढे.

बंद केलं, गेल्या. लावलं, आल्या.

जिन्याचा दिवा खालून आणि वरून, दोन बटणांवर चालतो. खालच्या बोर्डातली लाकडी पट्टी उघडली. खालून वर जाणाऱ्या तारांत फेज आहे, न्यूट्रल नाहीच. न्यूट्रल वरच्या मजल्याच्या बोर्डातून घेतलाय आणि तो पलीकडच्या भिंतीने उतरून मीटरपाशी येतो. प्रवाह एका वाटेने वर जातो आणि दुसऱ्या वाटेने खाली येतो. दोन्ही वाटांच्या मध्ये आत्याची बसायची खोली. आतोबांच्या वायरमनने ७४ साली तार वाचवायला खोलीभोवती आमच्या आधीच एक लूप टाकून ठेवला होता!

जाणारी आणि येणारी तार शेजारी असली की त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. एरवी घरात इतक्या तारा असून टी वर शांतता असते ती म्हणूनच.

एक गोष्ट पडताळून पाहिली. दिवा ९ वॉटचा स्वस्त एलईडी. त्याच्या जागी माळ्यावरचा ६० वॉटचा जुना बल्ब लावला. प्रवाह कितीतरी जास्त, तरी भुंगा जवळजवळ नाहीसा. जुना बल्ब सरळ ५० हर्ट्झचा प्रवाह ओढतो आणि तेवढी खोल पट्टी मशीनला नीटशी उचलता येत नाही. स्वस्त एलईडी टोकदार घोट घोट घेतो, त्यातून वरच्या पट्टीतले तुकडे उडतात आणि ते नेमके बोलण्याच्या पट्टीत जाऊन बसतात.

वायरमन मतमोजणीनंतर येईल. तोवर जिन्यावर टॉर्च.

२३ नोव्हेंबर, शनिवार. निकाल

आठ वाजता मोजणी सुरू, साडेसातला आत्या टीव्हीसमोर. मांडीवर चौकटी आखलेली वही. टी ऐवजी एमटी लावलेलं, कारण बाबांशी वाद घालायचा होता. बाबा खोलीत, ओट्यावर नाही.

नऊच्या सुमाराला म्हणाली, “प्रत्येक जण दोनदा बोलतोय.” एमटी मध्ये तिला लूपमधून एकदा आणि टीव्हीच्या स्पीकरमधून परत एकदा ऐकू येत होतं, मध्ये किंचित अंतर. टीव्हीला चित्र रंगवायला वेळ लागतो, म्हणून तो आपल्या स्पीकरचा आवाजही तेवढा थोपवून धरतो. ऑप्टिकलचा मात्र तसाच सोडला होता. मेनूत डिजिटल आवाजाचा उशीर वेगळा लावता येतो. दहा-दहा मिलिसेकंदांनी वाढवत नेलं आणि ६० वर दोन निवेदक एक झाले. माणसाला आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की ओठ चुकलेले कळतात. ही मापं आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत आहेत. म्हणजे आपण उशीर बराच खपवून घेतो, घाई नाही. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर येतो, याची जन्मापासून सवय.

दुकानदाराच्या “आता सगळं ब्लूटूथ” ला माझं उत्तर इथेच आहे. साध्या ब्लूटूथ हेडफोनला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात आणि तो घालायला कानातली मशीनं काढावी लागतात, म्हणजे तिच्या श्रवणाप्रमाणे बसवलेलं सगळं जुळणं वाया. २०२२ मध्ये जाहीर झालेलं ब्लूटूथचंच ऑराकास्ट, एकाच वेळी कितीही मशीनांना आवाज देणारं, पुढे याची जागा घेईल असं मला वाटतं. पण त्याला नवं मशीन लागतं. तार मात्र मशीन कुठल्या कंपनीचं आहे ते विचारत नाही, कोडही मागत नाही.

दुपारपर्यंत वहीतली सगळी चौकट भरली. निकालाबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर जेवताना पुरेसं झालंय.

३० नोव्हेंबर, शनिवार

वायरमन आला. पट्टी उघडून पाहिली आणि हसला. “न्यूट्रल उसना घेतलाय की! बरंच झालं सापडलं. वरचा एमसीबी पाडून कोणी वरच्या बोर्डात हात घातला असता तर न्यूट्रलनेच चटका दिला असता.” त्याने खालच्या बोर्डातून नवी न्यूट्रलची तार फेजच्या जोडीने वर ओढली. तास लागला. मी पकडमीटरच्या जबड्यात दोन्ही तारा एकत्र घेतल्या: शून्य. रिलेचं कॉइल: शांत.

त्याने विचारलं, हे सगळं कशासाठी. आत्याने आपलं एक मशीन काढून त्याच्या कानाशी धरलं आणि टीव्ही लावला. तो ऐकत राहिला, मग हळूच म्हणाला, “आमच्या म्हातारीलाही असतं का हो हे आत?” मॉडेल नंबर पाठवायला सांगितलंय. कानाच्या आत बसणाऱ्या छोट्या मशीनांत बऱ्याचदा कॉइलला जागाच नसते.

८ डिसेंबर, रविवार

नवी तक्रार. दुपारी आत्या दिवाणावर कुशीवर पडून पुनःप्रक्षेपण पाहते. पडली की आवाज जातो.

चूक माझी. १६ तारखेला कॉइल आडवं करून शून्य झालेलं मी स्वतः लिहिलंय. जमिनीवरच्या लूपचं क्षेत्र वर-खाली असतं, मशीनमधलं कॉइल बसलेल्या माणसाच्या कानामागे उभं असतं. मान ६० अंश कलली की आवाज निम्मा, आडवं झालं की काहीच नाही. दिवाण हलवून किंवा बटण वाढवून हे सुटणार नाही.

उशीखाली वेगळा छोटा लूप. पोवई नाक्याकडच्या मोटार बांधणाऱ्याकडून ०.२ मिलिमीटरची वार्निश तार मागितली. एवढ्याशा तारेचे त्याने पैसेही घेतले नाहीत. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर २० वेढे, रोध १६ ओहम, त्याच्याआधी ३३ ओहमचा एक रोध. कानाजवळ असल्याने साडेसात-आठ मिलिॲम्पियर पुरतात. डीएसीच्या डबीच्या हेडफोनच्या भोकातूनच निघतात, वेगळा ॲम्प्लिफायर नको.

पुठ्ठा उशीच्या अभ्र्यात घातला. आत्या पडली.

“काही नाही.”

मी वायर तपासल्या, सगळं बरोबर. तिने कंटाळून कूस बदलली, डोकं उशीच्या वरच्या काठाकडे सरकलं आणि ओरडली, “आला! आला!”

२२ डिसेंबर, रविवार

उशीचं गणित आता सुटलं. पुठ्ठ्याच्या मधोमध क्षेत्र उशीतून सरळ वर निघतं आणि पडलेल्या माणसाचं कॉइल त्याला आडवं असतं, म्हणून शुकशुकाट. तारेच्या बरोबर वर मात्र क्षेत्र आडवं वळतं, आणि तार मानेला आडवी असेल तर ते पाठीच्या कण्याच्या दिशेत येतं, म्हणजे कॉइलच्याच दिशेत. खोलीच्या लूपमध्ये तारेवर शून्य आणि मध्ये दणदणीत. उशीत बरोबर उलटं. पुठ्ठा अभ्र्यात खाली सरकवून त्याची लांब बाजू नेमकी कानाखाली येईल असा टाचला. आत्याने स्वतः दोऱ्याने शिवला, आणि वरच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने टी काढला, डोकं कुठे ठेवायचं ते कळावं म्हणून.

बाकी कामं: डीएसीच्या डबीचा ॲडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डात सैल बसतो, तो बदलायचा. वायरमनच्या आईच्या मशीनचा नंबर आलाय, त्यात कॉइल आहे. बंडलमधली पन्नासेक मीटर तार शिल्लक आहे.